दुखतंय म्हणणारी मुलगी

मंगळवार होता. डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर लावला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाशी, पेनाने वर्तुळ काढलं. त्या म्हणाल्या, ही गाठ आहे, कर्करोगाची असू शकते, आजच दाखल व्हा. त्या इंग्रजीत बोलल्या, त्यामुळे माझ्या मुलीला ते माझ्याआधी समजलं.

तिचं नाव संघमित्रा. घरी मितू. ती तेरा वर्षांची होती आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिचे बाबा, मिलिंद, सिंगापूरच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थला ऑफिसात होते. मी त्यांना फोन केला.

मितूने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला.

"देन कॉम्पिटिशन हाऊ?"

तिची जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "धिस इयर, नो."

दुरुस्ती

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या याच वार्षिक अंकात मी एक लेख लिहिला होता. सिंगापूरमधल्या बऱ्याच मराठी घरांत तो वाचला गेला. काहींनी फोनवर पुढे पाठवला, एका ओळखीच्या बाईंनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. मितूला मराठी वाचायला कंटाळा यायचा, म्हणून तिलाही मीच वाचून दाखवला होता. एकदा नाही, तिने मागितला तितक्या वेळा.

त्या लेखात मी जे घडलं म्हणून लिहिलं ते घडलेलं नव्हतं. लिहिताना मला ते माहीत नव्हतं. पण लिहिलं मी, आणि चांगलं लिहिलं, हे जास्त वाईट. म्हणून हे दुसरं लिखाण त्याच अंकासाठी पाठवते आहे. एखाद्या घरात आत्ता कुणाचं मूल "काही नाही, ठीक आहे" म्हणत असेल, तर त्या घरापर्यंत हे पोचावं.

मी ग्रंथालयात काम करते. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक परत जागेवर ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. हे लिहायला मात्र सात महिने लागले.

योआना

सेम्बावांगला आमच्या ब्लॉकपासून चालत दहा मिनिटांवर एक हॉल आहे. तिथे मितू नऊ वर्षांची असल्यापासून रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकत होती. रिबन, चेंडू, हूप घेऊन संगीतावर करायचा हा खेळ. शिकवणारी योआना रोमानियाची. मितू तिच्याकडे जायला लागली तेव्हा ती बावीस वर्षांची होती, आणि चालताना तिचे पाय जमिनीला विचारून टेकतात असं वाटायचं.

तिचं गाव मोठ्या नदीच्या काठी, जहाजं बांधणारं. वडील वेल्डर. आमच्या भागातलं जुनं शिपयार्ड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "माझ्या बाबांच्या सदऱ्याचा वास येतोय." ती सात वर्षांची असताना शाळेत एक बाई आल्या, मुलींना रांगेत उभं करून हात मोजले, पाठ वाकवून पाहिली आणि तीन मुली बाजूला काढल्या. त्यात ही. अकराव्या वर्षी ती दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहायला गेली. रोज सकाळी वजनकाटा, मग बॅले, मग शाळा, मग पुन्हा हॉल. रविवारी आईचा फोन. पाव आईने भाजलेला नसेल तर खायचा नाही असा तिने नेम केला होता, आणि तो नेम वजनकाट्याला आवडत होता. चौदाव्या वर्षी ती देशाच्या कनिष्ठ संघात आली.

एवढं सगळं खरं होतं.

पुढची गोष्ट ती मुलींना हॉलमध्ये, पाय ताणून बसलेल्या असताना सांगायची. पंधराव्या वर्षी, परदेशातल्या स्पर्धेत, सरावाच्या वेळी तिच्या डाव्या पावलाचं हाड चिरलं. तिने कुणाला सांगितलं नाही. पट्टी बांधली, वर मोजा चढवला, मैदानावर गेली आणि दीड मिनिट रिबन केली. हसत. चौथी आली. बाहेर येऊन मोजा काढला तेव्हा प्रशिक्षक बाई रडल्या.

"त्या दीड मिनिटात पाऊल माझं नव्हतं," असं ती म्हणायची.

मी तिला घरी जेवायला बोलावलं. वरण-भात तिने तीनदा घेतला. मी वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. लेखात मी त्या पट्टीवर एक अख्खा परिच्छेद लिहिला. शेवट असा केला की वेदना शरीराला होते, माणसाला नाही. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मितूलाही आवडलं. तिने मला त्याचं इंग्रजी करायला लावलं आणि अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलं.

हिरवा ठिपका

योआनाच्या हॉलमध्ये दारापाशी एक पांढरा फळा होता. त्यावर मुलींची नावं. आत येताना प्रत्येकीने आपल्या नावापुढे एक गोल कागदी ठिपका लावायचा. हिरवा म्हणजे काही दुखत नाही. पिवळा म्हणजे दुखतंय पण करू शकते. लाल म्हणजे आज बसणार. कुणी काही बोलायचं नाही, विचारायचं नाही. ही पद्धत योआनानेच काढली होती. तिच्या वसतिगृहात असं काही नव्हतं.

मुलींनी त्या फळ्याचं काय केलं ते मोठ्या माणसांच्या लक्षात आलं नाही. सलग हिरवे ठिपके कुणाचे जास्त, याची त्यांच्यात चढाओढ लागली. पिवळा लावणारीला "बनाना" म्हणायचे. मितूला कुणी कधी बनाना म्हटलं नाही.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती आमच्याबरोबर बुद्धमूर्तीपुढे उभी राहून पंचशील म्हणायची. संध्याकाळी हॉलवर जाऊन हिरवा ठिपका लावायची.

तेल

मी तिचे पाय चोळून देत असे. सरावावरून आली की सोफ्यावर पालथी पडायची, पाय माझ्या मांडीवर. कोमट तिळाचं तेल, त्यात ओवा. माझ्या आईने माझे चोळले, तिच्या आईने तिचे. वाढत्या वयात पाय दुखतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, आणि माहीत असलेली गोष्ट कुणी तपासत नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी उजव्या गुडघ्याच्या वर माझ्या अंगठ्याखाली काहीतरी आलं. डाव्या पायाला नव्हतं. मी पुन्हा अंगठा फिरवला. तिने पाय किंचित ओढला.

"दुखलं?"

"टिकलिश, आई."

मला वाटलं स्नायू भरला असेल, इतका सराव करते. मी त्या जागी जरा जास्त तेल लावलं आणि जरा जोराने चोळलं.

नंतर डॉक्टरांनी पहिली सूचना दिली ती ही, की आता मालिश करू नका. मी विचारलं, केली त्याने काही झालं असेल का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आय कान्ट टेल यू दॅट." त्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मला आजही कळलेलं नाही. महिनाभर आधी आलो असतो तर? त्यालाही त्यांनी हेच उत्तर दिलं.

चेन

त्याच महिन्यात योआनाने सगळ्या मुलींना आणि आईवडिलांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. बमबोटीतून, म्हणजे लहान लाकडी फेरीबोटीतून, उतरलो, सायकली भाड्याने घेतल्या. मितू सगळ्यांच्या पुढे असायची ती मागे राहिली. एका बारीकशा चढावर उतरली आणि सायकल हातात धरून चालायला लागली.

"काय गं, म्हातारे?" मिलिंद म्हणाले.

"चेन जॅम झालीय, बाबा."

मिलिंदनी तिची सायकल घेतली, पेडल हाताने फिरवलं, मग स्वतः त्या सायकलवर बसले आणि तिला आपली दिली. तीही तिने चालवली नाही, हातात धरूनच आणली. मी पुढे होते. मला एवढंच दिसलं की बापलेक मागून गप्पा मारत चालत येत आहेत, आणि मी त्यांचा फोटो काढला.

पंधरा दिवसांनी सरावात एका पायावर गिरकी घेताना ती पडली. योआनाने गुडघा हातात धरला, दाबला नाही, नुसता धरला, आणि लगेच मला फोन केला. "उद्या डॉक्टरकडे ने. तोपर्यंत मी हिला आत घेणार नाही." मितू घरी येऊन रडली ती गुडघ्यासाठी नाही. योआनाने तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका काढून लाल लावला होता, सगळ्यांसमोर.

वॉर्ड

उपचारांविषयी मी फार लिहिणार नाही. ज्यांच्यावर वेळ येते त्यांना ते डॉक्टर सांगतात आणि बाकीच्यांना कळून उपयोग नसतो. आधी औषधं, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधं. हाडाचा तो भाग काढून धातू बसवला. पाय राहिला. मितूने विचारलं होतं, एमआरटी मेट्रोच्या गेटमधून जाताना मी वाजणार का. नाही म्हटल्यावर ती जरा हिरमुसली.

दिवसाला तिथे एक घडी होती. सहाला रक्त, आठला डॉक्टर, दहाला सलाइनची पिशवी बदलणं, दुपारी झोप, चारला शाळेचा अभ्यास जमला तर. मी रजा घेतली होती. मिलिंद ऑफिसातून थेट यायचे, डब्यात खिचडी असायची, जी मितू खायची नाही आणि मग आम्ही दोघं तिच्या पलंगापाशी उभे राहून खायचो. केस गळायला लागले तेव्हा तिने स्वतः सांगितलं की सगळे काढा. टोपी मात्र घातली नाही. "अंबाडा बांधायला अर्धा तास लागायचा, आई. नाऊ सेव्ह टाइम."

दर चार तासांनी सिस्टर वेदनेचा तक्ता घेऊन यायच्या. शून्य ते दहा, खाली चेहरे काढलेले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

"पेन स्कोअर, डार्लिंग?"

"टू."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही दोन. सिस्टर लिहून घ्यायच्या. मी मनात म्हणायचे, माझी मुलगी शूर आहे.

वॉर्ड पुसायला एक वयस्क चिनी बाई यायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणत. "गर्ल, ईट ऑलरेडी?" एवढंच त्या मितूशी बोलायच्या. त्यांची बादली चाकांची होती. माझ्या लक्षात आलं की आमच्या पलंगापाशी आल्या की त्या बादली ढकलत नाहीत, उचलून नेतात. एका सकाळी मी त्यांना बाहेर गाठून थँक्यू म्हटलं.

"हर लेग व्हेरी पेन, मा," त्या इथल्या चिनी वळणाच्या इंग्रजीत म्हणाल्या. "बेड शेक, शी पेन."

"तिने तुम्हाला सांगितलं?"

"नो लाह. शी ओन्ली स्माइल." त्यांनी आपला हात वर केला आणि पाचही बोटं आत वळवली. "आय सी द टोज."

मी आत जाऊन पांघरुणाचं टोक वर केलं. मितू हनुवटी वर करून छताकडे पाहत हसत होती, मैदानावर हसायची तसं. धडधाकट डाव्या पायाची बोटं आत वळून पांढरी पडली होती.

भांडण

त्या संध्याकाळी मी मिलिंदना हॉस्पिटलच्या खाली बाकावर बसवून हे सांगितलं. म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

त्यांनी खिचडीच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाले, "उबीनला चेन जॅम नव्हती. मी फिरवून पाहिली. मख्खनसारखी फिरत होती."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"थकली असेल म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू तिला ओरडली असतीस, खोटं बोलली म्हणून."

"मी ओरडले असते आणि डॉक्टरकडे नेलं असतं."

"तुझ्या हाताला लागलं होतं ना, प्रज्ञा? अंगठ्याला?"

मीच त्यांना ते सांगितलं होतं, दाखल झालो त्या रात्री, रडत. त्यांनी ते आता परत दिलं. त्यानंतर नऊ दिवस आम्ही मितूच्या देखत बोललो आणि एरवी बोललो नाही. पिंपरीहून सासूबाई व्हिडिओवर विचारायच्या, "दोघं जेवता ना रे वेळेवर?" आणि आम्ही दोघं एकाच चौकटीत बसून हो म्हणायचो.

ज्या घरांत असं चाललं आहे त्यांना सांगते, हे होतं. मूल आजारी पडलं की आईवडील आधी एकमेकांची झडती घेतात. त्यातून काही सापडत नाही.

खरी गोष्ट

मी मितूला विचारलं, दोन का सांगतेस.

"दोनच आहे."

"मितू."

ती भिंतीकडे वळली. "कोच ब्रोकन फूटवर डान्स केली ना. तूच तर लिहिलंस."

मी योआनाला फोन केला आणि यायला सांगितलं. ती तशीही दर रविवारी यायची, पण हा गुरुवार होता. वॉर्डाच्या बाहेर मी तिला म्हणाले, "ती तुझं ऐकते. तिला सांग की तेव्हाची गोष्ट वेगळी, इथे दुखलं तर सांगायचं असतं. तू केलंस ते मैदानावर केलंस, हे हॉस्पिटल आहे."

योआनाने पाठीवरची पिशवी काढून पायाशी ठेवली.

"मी तसं सांगू शकत नाही," ती म्हणाली. "मी ते केलंच नव्हतं."

मला समजलं नाही. ती माझ्याकडे न बघता आत गेली आणि मितूच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसली. मी पायथ्याशी उभी राहिले. ती इंग्रजीत बोलली, हळू, सरावात आकडे मोजते तशी. संघमित्रा या नावातलं तिला 'मित्रा' एवढंच जमायचं.

"मित्रा, मी पट्टी बांधली नव्हती. पाऊल दुखलं तेव्हा मी माझ्या कोचकडे गेले आणि म्हणाले, दुखतंय. त्यांनी विचारलं, किती? मी म्हणाले, उभं राहवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि दुसऱ्या मुलीला बोलावलं. ती गेली. ती चौथी आली. मी बाकावर बसून टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग घरी पाठवलं. पाऊल बरं झालं. परत बोलावलं नाही. पंधराव्या वर्षी माझं संपलं."

"देन व्हाय यू टेल अस लाइक दॅट?"

"इथे नोकरीला आले तेव्हा मुलाखतीत विचारलं, तुमची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती. बाकावर बसले, असं कसं सांगणार? म्हणून त्या दुसऱ्या मुलीची जागा घेतली, आणि पट्टी माझी जोडली. मग ते इतक्यांदा सांगितलं की तुझ्या आईने लिहून घेतलं." ती थांबली. "फळा खरा होता, मित्रा. तो मी खरं मनापासून केला होता. पण त्याच्याखाली बसून मी ही गोष्ट सांगत राहिले."

मला तिला बाहेर काढावंसं वाटलं. मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं. आणि लगेच हेही कळलं की त्या गोष्टीवर पट्टीचा अख्खा परिच्छेद मी चढवला होता. पट्टीबद्दल तिने तर फक्त एक वाक्य सांगितलं होतं.

मितू बराच वेळ तिच्या पायांकडे बघत होती. योआनाने बूट काढून ठेवले होते. ती नेहमी काढते.

"सो यू सॅट डाउन," मितू म्हणाली.

"हो."

"अँड नाऊ कॅन वॉक."

"हो."

"दॅट स्टोरी बेटर, व्हॉट."

हा शेवटचा 'व्हॉट' इथल्या मुलांच्या बोलण्याचा शेपटा आहे, तो प्रश्न नसतो. इतकं साधं होतं ते, असा त्याचा अर्थ.

योआना खुर्चीतच पुढे वाकली आणि तिने कपाळ पलंगाच्या कठड्याला टेकलं. कठडा हलला. मितूने श्वास ओढला आणि म्हणाली, "आऊ, कोच. डोन्ट शेक."

ते तिचं पहिलं आऊ. थोड्या वेळाने सिस्टर तक्ता घेऊन आल्या.

"पेन स्कोअर, डार्लिंग?"

मितूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सेव्हन. समटाइम्स एट."

सिस्टरनी पेन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, औषध बदललं. त्या दुपारी ती सलग चार तास झोपली. बोटं सरळ होती. मी आणि योआना दोन बाजूंना बसून ती बोटं बघत होतो.

झोपेतून उठल्यावर तिने मला मराठीत विचारलं. मोठं काही विचारायचं असलं की ती मराठीत यायची. "आई, मी रोज सकाळी चौथं शील म्हणायचे, खोटं न बोलायचं, आणि संध्याकाळी ग्रीन लावायचे. ते मोडलं?"

"मोडलं," मी म्हणाले. "माझंही मोडलं. मी छापलं."

"मग आता?"

"आता उद्या सकाळी परत म्हणायचं."

ती म्हणाली, ओके.

घरी आल्यावर तिने टेबलावरचं ते वाक्य स्वतः काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा एक पापुद्रा निघाला.

लाल

पाच-सहा महिने बरे गेले. ती कुबड्यांवर चालली, मग एका काठीवर. शाळेत गेली. मिलिंद आणि मी पुन्हा बोलू लागलो. ते कधी सुरू झालं हे आठवत नाही. बहुधा खिचडीत मीठ कमी आहे यावरून झालं.

जानेवारीत तपासणीत फुप्फुसांत दिसलं. मितूने डॉक्टरांना विचारलं, औषधाने जाईल का. डॉक्टर म्हणाल्या, "आय डोन्ट थिंक सो." मितूने त्यांना थँक्यू म्हटलं. खरं सांगितल्याबद्दल ती तेव्हा सगळ्यांना थँक्यू म्हणायची. मला वाटतं त्या शेवटच्या चार महिन्यांत आम्हाला जे काही मिळालं ते एवढंच. ती दुखतंय तेव्हा दुखतंय म्हणायची, भीती वाटते तेव्हा भीती वाटते म्हणायची, आणि आम्हाला काय करायचं ते कळायचं. घरी नर्स यायच्या, त्यांना ती आकडा सांगायची, त्या औषध द्यायच्या. भीतीला आकडा नव्हता. तेव्हा मिलिंद तिच्याजवळ आडवे व्हायचे आणि मी पाय धरून बसायचे. चोळायचे नाही. धरायचे.

मार्चमध्ये ती म्हणाली, हॉलवर जायचंय.

व्हीलचेअर ढकलत नेली. बरोबर प्राणवायूची लहान टाकी. संध्याकाळची वेळ, आत पंधरा-सोळा मुली. तिला पाहून सगळ्यांनी हातातलं साहित्य खाली ठेवलं. फळ्यावर तिचं नाव तसंच होतं, वर्षभर पुढची जागा रिकामी. योआनाने ठिपक्यांची डबी तिच्यापुढे धरली. मितूने डबीत बोट घालून हिरवे बाजूला केले, पिवळे बाजूला केले आणि एक लाल काढला. तिचा हात नावापर्यंत पोचेना. मी पुढे झाले.

"नो, आय डू."

मिलिंदनी तिला काखेत धरून उभं केलं. तिने ठिपका लावला, अंगठ्याने दाबला आणि मुलींकडे वळून म्हणाली, "पेन. सो आय सिट." मग खाली बसली. मिलिंदनी खुर्ची बाकाशेजारी नेली आणि तिने तासभर सराव पाहिला. एकीची रिबन गाठीत अडकली तेव्हा ती खुदकन हसली. "रोल प्रॉपरली लाह, यू."

दुसऱ्या दिवशी योआनाचा मला संदेश आला. सहा वर्षांच्या, सगळ्यात लहान मुलीने पिवळा ठिपका लावला होता. टाच दुखत होती. कुणी बनाना म्हटलं नाही.

मितू मे महिन्यात गेली. घरीच, दुपारी, जेवणानंतर. त्या सकाळी तिने नर्सना आकडा सांगितला होता, तीन, आणि तो खरा होता. बोटं सरळ होती, मी पाहिली. आमच्या ओळखीची वीसएक माणसं पांढऱ्या कपड्यांत आली, वंदना झाली. योआनाला पाली शब्द येत नव्हते. ती हात जोडून शेवटच्या ओळीत उभी होती, बूट बाहेर काढून.

आता

योआनावर मी रागावले आहे का, असं मला विचारतात. काही दिवशी आहे. ज्या दिवशी असते त्या दिवशी मी तिला तसं सांगते. ती म्हणते, बरं. रविवारी ती जेवायला येते. हॉलमध्ये आता ती मुलींना बाकाची गोष्ट सांगते.

मुलं खेळणारी असोत, नाचणारी असोत किंवा नुसती शाळेत जाणारी, त्यांच्या आईवडिलांना माझ्याकडून एवढंच. मूल दुखतंय म्हणालं की हातातलं काम ठेवा. म्हणत नसेल तर पायाची बोटं बघा. आणि सोसण्याच्या सुंदर गोष्टी त्यांना वाचून दाखवू नका. मी वाचून दाखवली होती.

हॉलच्या फळ्यावर तिचं नाव आहे, त्यापुढे लाल ठिपका आहे. पाच मीटरची रिबन घरी आहे. आठवड्यातून एकदा मी ती उलगडते, इस्त्री करते आणि पुन्हा नळीवर गुंडाळते, वळ्या पडू नयेत म्हणून.

सकाळी पंचशील म्हणून झाल्यावर मिलिंद आणि मी एकमेकांना विचारतो, आज किती. बरेच महिने दोघांचंही नऊच होतं. परवा मिलिंद म्हणाले, सात. मग मान खाली घालून म्हणाले, सॉरी. मी म्हणाले, सॉरी कशाला, सात तर सात. माझं त्या दिवशी नऊ होतं. ते मी सांगितलं.

घरात आम्ही दोघं आहोत. खोटा आकडा कुणी सांगत नाही.